'जर' नव्हे, 'जेव्हा'

१ एप्रिल, मंगळवार
ओपीडी संपता संपता ऊसतोडीवरून परतलेलं कुटुंब आलं. सून शेवंता, वय बावीस-तेवीस. पायाला कोयता लागून जखम चिघळलेली, अंगात ताप. सोबत सासू, धुरपदाबाई. केसपेपर मी भरला, सुई अश्विनीनं दिली. पाच मिनिटांत पोरीच्या अंगभर गांधी, ओठ सुजले, श्वास अडकला. डॉ. धावत आले. श्वास जरा सुधारल्यावर परभणीला हलवली. वाचेल म्हणतात.
एक गोष्ट लिहायची आहे. आज नाही.

३ एप्रिल, गुरुवार
शेवंता शुद्धीवर आली. परभणीहून फोन होता. देवाचे उपकार.
आता ती गोष्ट. केसपेपर भरताना धुरपदाबाई म्हणाली होती, "सिस्टर, हिला मागं कारखान्यावर सुई दिली तवा लय तरास झालता. समद्या अंगाला गांधी उठल्या बघा." मी "हं" म्हटलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. लाल पेननं लिहायचं ते राहून गेलं. माझ्या हातून. चौतीस वर्षं नोकरी करून.
डॉ.नी अहवाल पाठवला : 'नर्सने पूर्वी झालेल्या त्रासाची चौकशी केली नाही.' नर्स म्हणजे अश्विनी. कंत्राटी आहे, उद्यापासून येऊ नकोस असं तोंडीच सांगितलं. ती म्हणत होती, "सर, पेपरवर काहीच नव्हतं." इन्चार्ज सिस्टर, म्हणजे मी, शेजारीच उभी. खिडकीकडे बघत.

५ एप्रिल, शनिवार
आज शब्बाथ, विश्रांतीचा वार; लिहू नये. बाबा पेन्सिलसुद्धा उचलत नसत. पण मी शब्बाथला ड्यूटी करते, तिथं लिहिण्याचं काय.
काल दिवा लावला, मनुकांच्या सरबतावर किद्दूशची प्रार्थना म्हटली. पूर्ण प्रार्थनेला दहा माणसं लागतात. या गावात आयझॅक होता तोवर आम्ही नवरा-बायको असे दोन ज्यू होतो. आता एक.
या आठवड्याची पराशा, म्हणजे तोरातलं ठरलेलं वाचन, वायिक्रा. अर्पणं, चरबी, रक्त. लहानपणी हे वाचन आलं की जांभया यायच्या. बाबा अलिबागला हेडमास्तर. चार माणसांवर आपण नेमलेलो असलो तर कसं वागावं, ते दर आठवड्याच्या वाचनात शोधायचे आणि वहीत टिपून ठेवायचे. ती वही काढली.
'याजक चुकला तर. सगळी मंडळी चुकली तर. साधा माणूस चुकला तर. फक्त अधिपतीपाशी मूळ शब्द "जर" नाही, "जेव्हा" आहे. वर बसलेला चुकणारच, हे धरूनच चाललंय. पुढं तो ते कबूल करतो का, एवढंच बघायचं.'
वही मिटली. जेवले नाही.

८ एप्रिल, मंगळवार
इस्राएलमधल्या अश्दोदहून डॅनियलचा फोन. त्याला सांगितलं सगळं. म्हणाला, "आई, तू बोलली नाहीस तर कळणार कुणाला? त्या म्हातारीला कोण विचारतंय?"
लेकावर चिडले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, गेला आठवडाभर मी स्वतःला हेच समजावते आहे. निवृत्तीला सात महिने. सात महिने गप्प बसलं की...

१३ एप्रिल, रविवार
काल पेसाह, वल्हांडणाचा सण. ताईनं ठाण्याहून पाठवलेल्या मत्झांचा, बिनखमिराच्या रोट्यांचा, अर्धा चुरा झालेला. त्या रात्रीचे चार प्रश्न घरातल्या सर्वांत लहानानं विचारायचे. मीच लहान, मीच मोठी. मीच विचारले, मीच उत्तरं दिली.
कालची पराशा त्झाव. रोज सकाळी याजकानं आधी वेदीवरची राख उचलायची. बाबा लिहितात, 'हे काम शिपायाला सांगायचं नाही.'

१५ एप्रिल, मंगळवार
काल जयंतीची सुट्टी. आज साडेनऊला डॉ.च्या टेबलावर लेखी ठेवलं. सासूनं सांगितलं होतं, मी नोंदवलं नाही, अश्विनीचा दोष नाही.
वाचून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, मिटलं होतं ना हे? घ्या परत. मी बघितलंच नाही समजतो."
"साहेब, आवक रजिस्टरमध्ये नंबर पडलाय."
त्यांनी कागद फाईलला लावला. मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन उगाच कापूस मोजत बसले.

१८ एप्रिल, शुक्रवार
डबा खायला गेले की बाकीच्या उठतात. कुणी वाईट बोलत नाही. कामापुरतं, "मॅडम, सही."
दुपारी अश्विनी आली. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं ते लिहायचीही लाज वाटते.
उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, पंधरा दिवस झाले. माझ्या सासरी लोक म्हणायलेत, हिनं बाई मारली असती. तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं ना?"
"हो."
"मग?"
मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही, गेली. तिला परत घेणार की नाही, अजून ठरलेलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार
पराशा शेमिनी. पहिल्या याजकाची, अहरोनाची, दोन मुलं एका दिवशी गेली. 'आणि अहरोन गप्प राहिला.' बाबांनी खाली काही लिहिलेलं नाही.
माझी चौकशी लागली. तारीख कळवतील. डॅनियल म्हणतो, सगळं सोडून ये इकडे.

४ मे, रविवार
कालची पराशा ताझ्रिया-मेत्झोरा. त्वचारोगामुळं ज्याला छावणीबाहेर ठेवलंय त्याला बघायला याजकानं स्वतः बाहेर जायचं. त्याला बोलावून घ्यायचं नाही. बाबांची वही न उघडता समजलं.
गंगाखेड रोडला एसटीतून उतरून शेवंताच्या वस्तीपर्यंत पायी आले. ऊन फार. शेवंता लंगडत होती, पण चालत होती. मला बघून आत गेली. धुरपदाबाई लिंबाखाली.
म्हटलं, "मावशी, तुम्ही मला सुईचं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. चूक माझी."
ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्या सांगितलं व्हतं? खरंच?"
"हो. नीट सांगितलं होतं."
"महिना झाला, ल्योक माझ्याशी बोलंना. तू का गप बसलीस म्हनतो. समदी मलाच बोलायलेत. ऐकून ऐकून मला बी वाटाया लागलं, म्या सांगितलंच न्हाई जनू." पदर तोंडाला लावला. मी पुढं हात केला, तिनं धरला नाही.
मग म्हणाली, "आता जाऊ नका. त्याला रानातून येऊ द्या. त्याच्या म्होरं बोला."
बसले. माझी ही डायरी पिशवीत होती, हे इथंच लिहिते आहे. शेवटची एसटी मघाच गेली. बांधावरून मेंढरं उतरताना दिसतायत, त्यांच्या मागं डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस. "आला," म्हणत धुरपदाबाई उठून उभी राहिली.