तळमजल्यावरची वंदना

द्वारका, दिल्ली
रविवार, भर दुपार

चि. सौ. शालिनी हिला रावसाहेब भाऊजींचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे, विलासरावांची शुगर आणि तुमच्या गच्चीवर येणारी माकडं (याच क्रमाने) कशी आहेत ते कळव. मी मजेत आहे. मजेत म्हणजे जेवतो, झोपतो. सकाळी संघपाल ऑफिसला निघताना "बाबा, कुछ चाहिए तो फोन करना" म्हणतो (दिल्लीत राहून पोरगा सख्ख्या बापाशी हिंदीत बोलतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही) आणि मी "बिल्कुल" म्हणतो. मग संध्याकाळपर्यंत कोणाशी काही बोलायचं नसतं. ज्या माणसाने जन्मभर यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या, त्याने दिवसभर एका "बिल्कुल"वर भागवायचं म्हणजे काय हाल असतील बघ. परवा लिफ्टमध्ये एकटाच होतो, तर सातवा मजला आल्यावर मीच मोठ्याने पुकारला. बाहेर उभ्या होत्या त्या बाई आत आल्याच नाहीत.

तुझी ताई, प्रेमला, गेल्यापासून हे असं आहे. तिकडे रविवारी संध्याकाळी विहारात जायचं ठरलेलं असायचं, म्हणजे तिने ठरवलेलं असायचं. दुपारपासून तिची गडबड. माझ्या पांढऱ्या सदऱ्याला नीळ घालून इस्त्री करायची, आणि आज तरी अंगावर चहा सांडू नका म्हणून वर बजावायची. मग तो पत्र्याचा विहार, बाहेर चपलांचा ढीग, आत पंख्याची घरघर, आणि वंदना सुरू झाली की त्या घरघरीच्या वर चढणारा तिचा आवाज. तेव्हा मला वाटायचं, किती वेळ चालणार हे. आता वाटतं, चालू दे गं, मला कुठे जायचंय. (एवढं लिहून मी चहा करायला उठलो होतो. तू भलतंसलतं समजू नकोस.)

तर मार्च महिन्यात आमची नात लुंबिनी बातमी घेऊन आली की सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी चार वाजता आपल्या लोकांची वंदना असते. लातूरकडच्या कोणी अलकाताई आहेत, सरकारी नोकरीत, त्या चालवतात. मी म्हटलं, जाऊ कधीतरी. संघपाल म्हणाला, बाबा, आजच जा. (हे मराठीत म्हणाला, त्यामुळे मी चपापलोच.) गेलो. सदऱ्याला नीळ नव्हती, पण पांढरा होता.

हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग. आत पांढऱ्या चादरींवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली, उदबत्तीचा वास, आणि समोर टेबलावर हारांनी झाकून गेलेला फोटो. फुलांमधून चष्मा आणि कोटाची कॉलर तेवढी दिसत होती. (माझा लांबचा चष्मा घरी, वाचायचा नाकावर.) बाबासाहेबांशिवाय दुसरं कोण असणार? इतक्या महिन्यांनी आपली माणसं दिसली म्हणून जीव भरून आला. मी सरळ पुढे गेलो, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि रीतसर तीनदा पंचांग प्रणाम केला. तिसऱ्यांदा डोकं वर काढलं तेव्हा फोटो हातभर अंतरावर होता आणि त्यातले गृहस्थ मल्होत्रा म्हणून कोणी होते. त्याच आठवड्यात वारलेले.

इकडच्या पंजाबी लोकांत कोणी गेलं की शोकसभेला सगळे पांढरं घालून येतात, हे मला कोण सांगणार? आपल्याकडे पांढरं म्हणजे वंदना, नाहीतर लग्न. बाकीचे लोक फूल वाहून नुसते हात जोडत होते. जमिनीला कपाळ टेकून तीन-तीनदा नमस्कार करणारा मी एकटाच, त्यामुळे हा आपल्या वडिलांचा कोणी जिवाभावाचा दोस्त, असं मल्होत्रांच्या मुलांनी ठरवूनच टाकलं. मी पाय काढता घेण्याआधी त्यांनी दंडाला धरून मला घरच्यांच्या रांगेत, थोरल्याच्या शेजारी उभं केलं. सभा संपल्यावर लोक एकेक करून पुढे येऊ लागले आणि मलाही हात जोडून म्हणू लागले, "बहुत बुरा हुआ जी. हौसला रखिए."

आता हसायचं तर हस, पण मी रडलो. प्रेमला गेली आणि पोराने मला लगेच इकडे आणलं. इथे तिला कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे एवढं साधं वाक्य मला कोणी म्हटलंच नव्हतं. ते मल्होत्रांच्या वाट्याचं होतं, मी घेतलं. इतका रडलो की शेवटी थोरला मुलगाच मला पाणी देऊ लागला. आपली वंदना त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चालली होती.

पुढच्या रविवारी वर गेलो खरा, पण चपलांपाशी उभा राहून ऐकलं आणि तसाच परत फिरलो. आत सगळे जोडीने बसलेले दिसले. त्याच्या पुढच्या खेपेला दारातल्या खुर्चीवर टेकलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. तिथे अलकाताईंनी मला हेरलं. बाई हुशार आहे. विचारलं काही नाही, निघताना खिरीचा डबा हातात दिला. आता डबा आला म्हणजे परत करणं आलं, आणि रिकामा डबा परत करणं आपल्यात बसत नाही. म्हणून जवसाची चटणी करून नेली (निम्मी करपली होती, वरची नेली). मग त्या डब्यात भरीत आलं. हे असं चाललंय. मीही हळूहळू खुर्ची सोडून खाली चादरीवर, मधल्या रांगेत सरकलोय. मल्होत्राबाईंना मी खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं भाईसाब, उन्हें भीड़ पसंद थी."

गेल्या रविवारी हॉलचा माईक बंद पडला, तेव्हा चपला नीट लावायची सूचना मी तशीच दिली. ती म्हणे गेटपर्यंत ऐकू गेली. झालं, अलकाताईंनी जाहीर केलं की बुद्धपौर्णिमेला वंदना रावसाहेब घेणार. मीही मान हलवली. त्यात काय अवघड आहे, जन्मभर ऐकत आलोय.

तब्येतीला जप. विलासरावांना जय भीम.

तुझा भाऊजी,
रावसाहेब

ता.क. कोणी इकडे येणार असेल तर किलोभर जवस पाठव.

ता.क. २. जवस राहू दे. खरं सांगतो, वंदना मी जन्मभर ऐकली, म्हटली कधीच नाही. म्हणायची ती. मी शेवटचं "साधु, साधु, साधु" तेवढं म्हणायचो, तेही तिने कोपर मारल्यावर. पुस्तक आणलंय, पण मी वाचायला लागलो की लुंबिनी विचारते, आजोबा, कौनसी बस आ रही है? तिने मोबाइलवर वंदना लावूनही दिल्या. त्यातली माणसं छान म्हणतात, पण थांबायच्या जागा आपल्या नाहीत. तू तर प्रेमलाच्या मांडीला मांडी लावून शिकलेली. एकदा सगळी म्हणून रेकॉर्ड कर आणि संघपालच्या फोनवर पाठव. कुकर बंद करून म्हण. या लोकांत माझं नुकतं कुठे बस्तान बसतंय, पौर्णिमेला तोंडघशी पडलो तर पुन्हा त्या जिन्यावर चढायची हिंमत होणार नाही.

ता.क. ३. एवढ्यासाठी फोन का नाही केला, म्हणशील. केला होता, गार्डच्या मोबाइलवरून, दोनदा. तू दोन्ही वेळा "हॅलो" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. फोनवर तुझा आवाज थेट तिच्यासारखा येतो. रेकॉर्डिंग पाठवशील त्यात शेवटचं "साधु" तू म्हणू नकोस. तेवढी जागा मोकळी सोड. ते मी म्हणेन.