पाळणाघराची फीत

८ जानेवारी, अमरावती
अकोल्याच्या परिषदेत बोंडअळीवरचा माझा पेपर घेतला! तीन हंगाम कपाशीत उन्हातान्हात काढले, त्याची ही पंधरा मिनिटं. पण ओवी सव्वा वर्षाची, अंगावरचं दूध सुटलेलं नाही. नवऱ्याला सुट्टी नाही, सासूबाई दर्यापूरला तुरीच्या सोंगणीत. शेवटी आयोजक सरांना फोन करून पाळणाघरच मागितलं. म्हणाले, "करूनच टाकू, मॅडम!" इतक्या सहज?

१९ जाने.
सरांचा मेसेज. खोली, सतरंजी, खेळणी, सांभाळायला मावशी, सगळं पक्कं. नवरा म्हणतो, "पाह्य, मागितलं तं भेटलं." हो बाबा.

२ फेब्रु., अकोल्याहून परत
डोकं अजून तापलेलंच आहे.
मुद्दाम लवकर गेले, ओवी जरा रुळेल म्हणून. तर पाळणाघराला कुलूप, दाराला लाल फीत, वर झेंडूचं तोरण. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय उघडायचं नाही म्हणे! पाहुणे अजून मूर्तिजापुरातच. आणि मावशी? फाटकाशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी. "मी काय करू बाई, साहेबानं इथंच उभं केलं मले. पोरीले घेतलं तं ताट कोन धरन?"
ओवीला कडेवर घेऊन सभागृहाच्या दारात ताटकळले. माझ्या आधीचा पेपर संपत आला, तेवढ्यात पाहुणे पोचले. सर धावत माझ्याकडे. वाटलं, सुटले एकदाची.
"चला मॅडम, लवकर! फोटोत एक तरी बाळ पाहिजे."
अख्ख्या परिषदेत बाळ एकच, माझं. म्हटलं, सर, आता माझं नाव पुकारतील. "दोन मिनिटं हो! त्यांना थांबवतो मी."
दोन मिनिटं कसली! नारळ फुटेना, मग भाषण. ओवीने पाहुण्यांच्या कडेवर भोकाड पसरलेलं. परतले तर मंचावर पुढचा माणूस बोलत होता. सत्राचे अध्यक्ष म्हणाले, "दोनदा पुकारलं तुम्हाला."
पाळणाघर मात्र आता सताड उघडं. कशासाठी? बसमध्ये रडूच आलं.

३ फेब्रु.
पेपरात फोटो. 'महिला शास्त्रज्ञांसाठी अभिनव उपक्रम.' पाहुण्यांचं नाव, सरांचं नाव, ओवी 'चिमुकली'. माझा नुसता कोपर दिसतोय. सासूबाईंचा फोन, "नात पेपरात आली, साऱ्या गावाले दाखवून राह्यलो!" त्यांना काय सांगू. बोंडअळीबद्दल कुठेच एक ओळ नाही.

११ फेब्रु.
सरांचा फोन. पाळणाघराचं फार कौतुक झालं, पुढच्या वर्षी पण करणार. "ओवीला आणाच बरं का."
"आणि मी, सर?"
"तुम्ही तर याल नं! ती एकटी थोडीच येईल?" मनापासून हसले.
पेपर पुन्हा पाठवायचा का, ते विचारायचंच राहिलं. की विचारूच नये?