पत्रकाची मागची बाजू

अंधेरी, सोमवार

प्रिय झेवियर,

तुझी शुगर आता किती आहे? रूथचा गुडघा जिना चढू देतो का? क्रिसच्या पोरीला दात आले असतील, तिला माझी पप्पी. मला बी.पी. आहे, पण ते तुझ्या नावाचं, गोळीनं उतरत नाही.

तुला आठवतं ना, गावठाणातली जुनी मालमत्ता पत्रकं कॉम्प्युटरवर चढवली, तेव्हा प्रत्येक घरानं कचेरीत जाऊन नवी नोंद जुन्या कागदाशी ताडायची होती. मी निघाले, तर तू म्हणालास, बाय, उन्हात कशाला मरतेस, मी बघतो ना! मी खुळी, वर तुला डबाभर पिठाचे फुगे तळून दिले. आय गेल्यापासून तुला भरवायची सवय, दुसरं काय.

गेल्या महिन्यात बिल्डरचा माणूस दारात. आजी, खोल्या कधी रिकाम्या करता? म्हटलं, माझ्या वाटणीचं काय रे? मेला हसला. मोबाइलवर पत्रक दाखवलं. आपल्या पापांच्या नावाखाली वारस एकटा तू. चष्मा दोनदा पुसला मी.

कचेरीत चार खेपा घातल्या, तीनदा सर्व्हर बंद. चौथ्यांदा चेतना नावाच्या गुणी पोरीनं जुना कागद काढला. पुढची बाजू तुझ्या नावाशी भरली होती, म्हणून माझं नाव मागे लिहिलेलं. टायपिंगवाल्यानं कागद उलटलाच नाही. त्याचं सोड, त्याच्यापुढे ढीगभर कागद. पण ताडायला तुला दोन्ही बाजूंची झेरॉक्स दिली होती, ती फायलीत आहे, आणि तिच्या मागच्या बाजूवर, माझ्या नावाच्या बोटभर खाली, ‘पाहिले, नोंद बरोबर आहे’ असं तुझ्या अक्षरात आहे. सहीसकट. मला वाचता येत नाही असं वाटलं होतं का तुला? दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेय मी, बाबा, पण शिकलेय.

हरकत घेतलीय. तुझा सौदा अडकलाय, तो मीच अडकवलाय. अठरा तारखेला सुनावणी. कचेरीतले साहेब म्हणाले, कागद बोलतोय, भाऊ नसला तरी चालेल. मी म्हटलं, मला तो हवाय. अर्धं गावठाण येणार आहे. दर रविवारी चर्चमध्ये माइकपुढे उभा राहून वाचतोस ना? तसंच त्या दिवशी ती मागची बाजू सगळ्यांसमोर वाचायची, खणखणीत. वाचलीस, तर फसवणुकीची तक्रार मी फाडून टाकीन. लिहून तयार ठेवलीय. येतोस की नाही, ते दोन ओळींत लगेच कळव. सतरापर्यंत पोस्टमनची वाट बघेन. पोलीस चौकी कचेरीच्या वाटेवरच आहे.

तुझीच मोठी बहीण,
डोरोथी