माझी कलाकृती ऐकत नाही

१२ जानेवारी १९७९
निर्णय झाला. पदवीसाठी मी चित्र काढणार नाही. चित्र काढणे हे आता केवळ ज्यांना चित्र काढता येते त्यांचेच काम उरले आहे. माझी पदवीची कलाकृती म्हणजे एक बँड. नाव ‘रिकामी चौकट’. विणकाम विभागातील मॉरीन बेस गिटार वाजवील, शिल्प विभागातील नेव्हिल ड्रम, आणि मी गाईन. नियम एकच: कुणालाही वाजवता येता कामा नये. वाजवता येणे ही कारागिरी. न येणे ही कल्पना. दोघांनाही काहीही येत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. साहित्य शुद्ध हवे.
नेव्हिलने विचारले, “म्हणजे मी न् मॉरीन तुझं चित्र? मग आम्हाला खिळ्याला टांगणार की कसं?” शिल्प विभागाकडून याहून अधिक अपेक्षा नव्हती.
जूनमध्ये बाहेरच्या परीक्षक बाई येतील. त्या थक्क होतील. न झाल्यास वडिलांच्या गालिच्यांच्या दुकानात उभे राहावे लागेल. परंतु तो प्रश्नच उद्भवत नाही.

२६ जानेवारी
कॉलेजच्या कँटीनमध्ये पहिला प्रयोग. प्रचंड यश. लोकांनी चिप्स फेकल्या, व्हिनेगरसकट. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, “बाळा, मांजर अडकलंय का रे कुठं? सोडव की बिचाऱ्याला.” सामान्य जनतेपर्यंत कल्पना थेट पोहोचली. व्हिनेगर डोळ्यांत गेल्यामुळे उरलेले यश पाहता आले नाही.

९ फेब्रुवारी
संताप. विणकामाच्या खोलीवरून जात होतो. आतून एक सूर आला. त्यापाठोपाठ दुसरा, तोही योग्य. दार ढकलले. मॉरीन हातमागाशेजारी बसून सराव करीत होती. सराव!
जाब विचारला. म्हणते, “अरे, रोज हातात घेतली की येतंच ना थोडंफार. मी काय करू?”
मी म्हणालो, याला विश्वासघात म्हणतात.
म्हणते, “याला बोटं म्हणतात, गॉर्डन.”
तिच्या गिटारच्या तारा पक्कडीने तोडल्या. एकच ठेवली. शिस्त म्हणजे शिस्त.

१६ फेब्रुवारी
एका तारेवर ती पूर्वीपेक्षा अधिक चांगले वाजवते. लोक नाचले. विचार करायला बोलावलेले लोक नाचले! मी माइकवरून ओरडलो, “नाचू नका!” तेच ते तालात म्हणू लागले आणि अधिकच नाचले. नेव्हिलने ताल धरला. नंतर खुलासा केला, “दिवसभर छिन्नी-हातोडा चालवतो बाबा. ताल काय, घामासारखा येतो.” त्याच्याशी बोलणे बंद केले आहे. त्याच्या अद्याप लक्षात आलेले नाही.

२ मार्च
बैठक. मॉरीनने मतदान घ्या म्हटले. कलाकृतीला मताधिकार नसतो, हे मी सविस्तर समजावले. नेव्हिल म्हणाला, “हात वर कर गं.” दोन विरुद्ध एक. यापुढे मॉरीन गाणार. मी ‘संकल्पना’ सांभाळणार आणि गाडीतून सामान उतरवणार. ही वास्तविक बढतीच आहे. तरीही खोलीवर येऊन उशीला बराच वेळ मारले.

१५ मार्च, गुरुवार
चिकित्सासभा. काम भिंतीपाशी, वर्ग समोर, सगळे बोलेपर्यंत कर्त्याने अवाक्षर काढायचे नाही. मॉरीन आणि नेव्हिलला भिंतीला टेकवून उभे केले. वर माझ्या नावाची चिठ्ठी. थ्रेलफॉल सर म्हणाले, “बरं, हे काम काय सांगतंय?”
तर काम सांगू लागले! मॉरीन म्हणाली, “सर, आम्ही याचं काम नाही. आमचं काम आहे, अन् हा ते बिघडवतोय.”
मी उठलो. सर म्हणाले, “गॉर्डन, बस खाली. कर्ता बोलत नसतो.”
“तोच तर मुद्दा आहे, सर,” नेव्हिल म्हणाला. “तो कर्ता असेल, तर गप्प बसू दे. अन् नसेल, तर चिठ्ठी काढा.”
वर्ग खिदळला. मी कर्ता असल्याचे सिद्ध करण्यासाठी तासभर गप्प बसलो. शेवटी सरांनी निकाल दिला की जे वाजवतात, काम त्यांचे. मग मला विचारले, “अन् तुझं कुठाय रे? भिंत तर कोरी दिसते.”
कोरी भिंत हेच माझे काम आहे, असे मी तत्काळ सांगितले.
म्हणाले, “ते गेल्या वर्षी तिघांनी दिलं होतं.”

३ मे
नवा बँड काढणार. वाजवता न येणारे सभासद हवेत, अशी जाहिरात लावली. कुणीतरी खाली लिहिले आहे: ‘तू आहेस ना.’ भ्याड. अक्षर नेव्हिलचे.

१४ जून
पदवीप्रदर्शन. मागे उभा होतो. सभागृह तुडुंब, पहिल्या रांगेत परीक्षक बाई. मॉरीन-नेव्हिलचे तिसरे गाणे संपले आणि मला राग अनावर झाला. मंचावर चढलो. ही चोरी आहे, ही माणसे माझी आहेत, यांना वाजवता येते ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे सर्व मुद्दे क्रमाने मांडले. ड्रमला लाथ मारली. पाय आत अडकला. ड्रमसकट खाली उतरलो.
नंतर टाळ्या. परीक्षक बाई उभ्या राहिल्या.
बाहेर मी त्यांना गाठून सांगितले की तो राग खरा होता.
म्हणाल्या, “हो ना! अगदी खराच वाटत होता!”

२० जून
निकाल. मॉरीन, नेव्हिल: प्रथम वर्ग. शेऱ्यात लिहिले आहे की संतप्त माणसाचा प्रवेश ही त्या दोघांची सर्वांत धाडसी कल्पना होती. मी: अनुत्तीर्ण.
संध्याकाळी मॉरीन आली. त्यांना शेफील्ड आणि हल या शहरांतून कार्यक्रमांचे बोलावणे आहे. “पण राजा, जो तो विचारतोय, तो चिडणारा येणार ना? येतोस का?”
मी तिचा, तिच्या विणकामाचा आणि तिच्या एका तारेचा स्पष्ट शब्दांत अपमान केला.
म्हणाली, “हां, हेच! फक्त जरा मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू जायला हवं.”
वडिलांचे पत्र आले आहे. दुकानात तळघरापासून सुरुवात करायची आहे.

७ जुलै, हल
यांच्यासोबत आलो आहे, तो केवळ यांना आतून उद्ध्वस्त करण्यासाठी. काल शेफील्डला दुसऱ्याच गाण्यानंतर चिडलो. मॉरीनने बाजूला घेतले. म्हणाली, “अरे, तिसरं होऊ दे की, मग मी गिटार खाली ठेवते. गिटार हातात असताना तू अंगावर आलास तर मी काय करू?” तिचे म्हणणे रास्त होते. क्षमा मागितली.
आज वेळेवर चिडलो. नेव्हिल म्हणाला, “जमतंय.”