दारावरचे काका

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, वेलांट्या हवेत उडालेल्या. वहिनीच्या साबणाचं कुठवर आलं, परवान्याला फार त्रास झाला का, आणि मीही शिवणाचं दुकान काढू का, असं विचारलंस. सांगतो. पण तुझ्या बापाला सरळ रस्त्याने कुठे जाता येत नाही, वाटेत प्रत्येक झाडाखाली बूड टेकायचं असतं, हे तुला ठाऊकच आहे.

आपल्या पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार आहे. त्याच दाराच्या पायरीवर बसून तू मला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचीस. मी दिवसभर गोदामात वजनकाट्यापाशी पोत्यांची धूळ खाऊन यायचो आणि तू भुजंगप्रयातात मला धुऊन काढायचीस. एखादं अक्षर लघूचं गुरू झालं की तूच रडायचीस. तुझी आई आतून ओरडायची, बापलेकीचं पोट कवितेवर भरणार असेल तर चूल विझवते मी. ती गेल्यावर मी माझी खाट त्याच खोलीत आणली. पहाटे दार किलकिलं केलं की उजेडाची एक पट्टी थेट उशीवर येऊन बसायची. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

दादाचा कारखाना बंद पडला, तेव्हा वहिनीने स्वयंपाकघरात साबण करायला घेतला. हात चांगला आहे तिचा. शेजारपाजारच्या बायका वड्या मागून न्यायला लागल्या, तसं तिने ठरवलं की चोरूनमारून नको, रीतसर परवाना काढूनच धंदा करायचा. शेजारचा पुस्तकबांधणीवाला आहे ना, तो तिला म्हणाला, “वहिनी, एक करा, नियम वाचू नका. मी वाचले आणि छापखाना काढायचा राहून गेला. अजून बायको टोमणे मारते.” पण वहिनीने वाचले. वाचायची आणि पदराला डोळे पुसायची. भांडी कसली हवीत, कॉस्टिक सोडा कुठे कुलूपबंद ठेवायचा, सांडपाणी कुठून जायला हवं, दार स्वतंत्र हवं. जाऊ द्या, मला नाही जमणार, असं म्हणून तिने साचे माळ्यावर टाकले. दादाही म्हणाला, सोड, कुठेतरी चिकटेन मी. पण तो कुठे चिकटेना.

तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, सूनबाई, हे डोक्यात राहत नाही कारण हे गद्य आहे. गद्य कुणाच्या डोक्यात राहिलंय? मग मी एकेका नियमाला चाल लावली. कुलूपबंद सोड्याला ओवीची, सांडपाण्याला जरा संथ, विलंबित. सुरुवातीला ती हसली. पण हळूहळू वड्या कापता कापता नियम गुणगुणायला लागली, आणि एक दिवस साचे माळ्यावरून तिनेच खाली काढले. चिमणे, खरं सांगतो, त्या दिवसांत मला तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा आपण घरात कुणीतरी आहोत असं वाटलं.

स्वतंत्र दाराची खोली एकच, म्हणजे माझी. तिथे फळ्या ठोकल्या. साबण आठवडेच्या आठवडे वाळवावा लागतो, म्हणून वड्या वरपर्यंत रचल्या आणि मध्ये माझी खाट. लिंबाच्या सालीच्या वासात झोपायचो. नियमांत एक ओळ होती, उत्पादनाच्या जागेत कोणीही निवास करू नये. तिला मी सगळ्यात गोड चाल दिली होती, ध्रुवपदच केलं होतं तिचं. ‘निवास’ या शब्दावर जीव जडला होता माझा. पाखरांचा असतो, देवांचा असतो. शब्द इतका गोड, की त्याला अर्थही आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वहिनीच्या मात्र आलं होतं. तपासनीस येईल त्या दिवशी खाट उचलायची आणि मी पुस्तकबांधणीवाल्याकडे जाऊन बसायचं, असं तिने मला सांगूनही ठेवलं होतं. मला वाटलं, पाहुण्यासाठी खोली आवरायची असेल.

तपासनीस ठरल्याच्या आदल्या दिवशीच आला. मी खाटेवर पाय पसरून बसलेलो. माणूस भला होता, पण त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली तशी वहिनीची बोबडी वळली. सोडा कुठे ठेवता, एवढंही तिला सांगता येईना. मग मी तिला धीर यावा म्हणून चाल धरली. तपासनीस मान डोलवायला लागला. “वा आजोबा, वा! पुढे?” मी पुढे गेलो. गात गात ध्रुवपदावर आलो आणि ते, रीतीप्रमाणे, दोनदा म्हटलं.

त्याची मान डोलायची थांबली. त्याने खाटेकडे पाहिलं, मग उशाशी ठेवलेल्या चष्म्याच्या डबीकडे, मग खालच्या चपलांकडे. “हे इथे राहतात?” वहिनी भिंतीसारखी पांढरी झाली. तेवढ्यात दादा हसून म्हणाला, “छे हो साहेब, हे आमचे राखणदार. एकटे आहेत, दुपारी जरा पडतात. आम्ही आपलं काका म्हणतो.” दादा कुणाबद्दल बोलतोय ते बघायला मी मागे वळलो, तर मागे भिंत होती.

तपासनिसाने बजावलं की राखणदाराची जागा दाराबाहेर, अंगावर गणवेश, आणि खाट आजच्या आज हलवायची. जाताना दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “हुशार आहे हो राखणदार तुमचा. सोडू नका.” परवाना आला.

आता मी पायरीशेजारी स्टुलावर बसतो. निळा सदरा आहे, टोपी आहे, ती जरा कानावर येते. रात्री भांडी झाली की ओट्याखाली अंथरूण टाकतो. पुस्तकबांधणीवाला जाता येता विचारतो, काय काका, बढती कधी? धंदा म्हणशील तर जोरात आहे. दादाची कळा पालटली, वहिनीने कामाला दोघी बायका ठेवल्या. दादा म्हणतो, तपासनीस केव्हाही टपकेल, बाहेरच्यांसमोर जीभ घसरायला नको, म्हणून सवयच लावून घेऊ. ती लागली. परवा जेवताना म्हणाला, “काका, मीठ सरकवा इकडे.” त्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. वहिनीला कळलं. तिने मान खाली घातली आणि मीठ स्वतःच सरकवलं.

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक बाई वड्या घेऊन बाहेर आली. मला उन्हात बसलेला बघून कळवळली बिचारी. विचारलं, काका, मुलंबाळं नाहीत का तुम्हाला? मी तोंड उघडणार, तोच आतून दादा म्हणाला, “कुणी नाही हो त्यांना. आम्हीच बघतो.” बाईने त्याच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आली.

तुझ्या दुकानाबद्दल म्हणशील तर जरूर काढ. नियमांना भिऊ नकोस, चालीवर बसवले की ते बसतात. फक्त काढण्याआधी एवढं बघ, की तुझ्या घरात स्वतंत्र दाराची खोली कुणाची आहे.

आणि ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते राहूनच जाईल. पुढच्या महिन्यात तू येतेस असं दादाने सांगितलं. दुकानात सदा कुणी ना कुणी असतं, आणि दोघी कामवाल्यांनाही मी काकाच आहे. तेव्हा रिक्षातून उतरल्यावर पूर्वीसारखी धावत येऊन गळ्यात पडू नकोस. मी दार उघडेन, तू सरळ आत जा. मला हाक मारायचीच झाली तर काका म्हण. तुला जमेल, तू लहानपणापासून पाठांतराची पक्की. काळजी आहे ती ठकीची. चार वर्षांचं पोर, आजोबा दिसले की रस्ता दणाणून सोडेल. तिला आतापासून रोज थोडं थोडं शिकव. चाल हवी असेल तर कळव, मी पाठवतो. आणि नाहीच जमलं तिला, तर या खेपेला तिला आणू नकोस.

तुझाच,
पत्रापुरता तरी,
बाबा