मुलीच्या हातचा दाखला

चि. सौ. चिमीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, माफ कर. तुझं शेवटचं पत्र आई गेल्यावर आलं होतं, त्याला आता सहा वर्षं होतील, म्हणजे उशीर तसा बराच झाला. (मधे चार वेळा लिहायला बसलो होतो. ‘चिमीस’ इथपर्यंत झकास जमायचं, पुढे गाडी अडायची. चौथी पास माणसाची मजल ती केवढी!) तुझी तब्येत कशी आहे? जावईबापूंच्या पाठदुखीला उतार आहे का? धाकटीला दात आले का, असं विचारणार होतो, पण बोटांवर वर्षं मोजली तर तिचे आता पडायला लागले असतील. माझे गुडघे सोडले तर मी बरा आहे. गुडघ्यांचं वेगळं पत्र लिहीन.

अनाथ मुलांच्या संस्थेत मी कपडे धुतो, हे आईने शेजारणीकडून लिहवून तुला कळवलं असेलच. नऊ वर्षं झाली. दोन यंत्रं, एक इस्त्री, एक मी, असं आमचं धुलाईखातं. त्यातलं एक यंत्र कायम बंद असतं, आणि थंडीत मीही. आता वरून नवा नियम आला आहे, की मुलांच्या आसपास जो जो वावरतो, स्वयंपाकी असो, माळी असो नाहीतर धोबी, त्याचं मागचं सगळं तपासायचं आणि चांगल्या वर्तणुकीचे दाखले घ्यायचे. दुसऱ्या कुठल्याशा संस्थेत कुणी तरी मुलांशी फार वाईट वागलं म्हणे. नियम अगदी योग्य आहे. आमच्या मोठ्या बाईंना (म्हणजे अधीक्षिकांना) मी तोंडावर तसं सांगितलं, आणि घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही.

पहिलं संकट बोटांच्या ठशांचं. पोलीस कचेरीत काचेवर बोट ठेवायचं असतं. मी ठेवलं, उमटेना. दुसरं ठेवलं, तेही नाही. कारकुनाने माझी दहाही बोटं फडक्याने पुसली, फुंकर मारली, एकेक दाबून पाहिलं. शेवटी वैतागून म्हणाला, “आजोबा, तुमचे ठसे गेले कुठे?” म्हटलं, “सोड्यात. पन्नास वर्षं कपडे धुतोय.” तर मागच्या रांगेतला एक टग्या म्हणतो, “साहेब, याने दरोडा घातला तर सापडायचा नाही!” सगळी रांग हसली. मी एवढा घाबरलो, की दरोडा घातलेला नाही असं न विचारता तीनदा सांगितलं. कारकुनाने मान वर करून माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा एका अंगठ्याचं अर्धं वर्तुळ उमटलं, तेवढ्यावर भागलं.

मग ओळखीच्या दोघांचे दाखले. नातलग चालत नाहीत. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने लिहून दिलं, “यांचं डोकं वीस वर्षं माझ्या हाताखाली आहे, त्यात वाईट काही आढळलं नाही.” कचेरीतून ते परत आलं, वर्तणुकीबद्दल लिहा म्हणून. शेजारच्या म्हातारीने लिहिलं, “हा माणूस भित्रा आहे, झुरळाला दार उघडून देतो.” हे मात्र एका दमात मंजूर झालं. (मला भित्रा म्हटल्याचं दुःख नाही, मंजूर झाल्याचं झालं.)

एवढी धडपड कशासाठी, असं तू म्हणशील. बसावं की घरी, वय झालं. पण सतरा नंबरच्या खाटेवर एक नवी पोर आली आहे, सहा वर्षांची. रोज अंथरूण ओलं करते. मी पहाटे साडेपाचला जातो, बाकीची पोरं उठायच्या आत ओली चादर बादलीत घालतो आणि इस्त्रीची ऊन ऊन चादर घालून येतो. पहिल्या दिवशी ती पुटपुटली, “आजोबा, मी नाही केलं.” म्हटलं, “माहीत आहे गं, छत गळतंय.” ती वर बघून म्हणाली, “वर तर ऑफिस आहे.” म्हटलं, “मग ऑफिस गळतंय.” तेव्हापासून आमच्यात तसंच ठरलेलं आहे. मला काढलं तर हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगणंही कठीण, कारण सांगितलं की ते फुटलंच.

आता शेवटचा दाखला राहिला आहे. ज्याने घरी मूल वाढवलं असेल, त्याच्या त्या मोठ्या झालेल्या मुलाचं पत्र लागतं. म्हणजे तुझं. दोन ओळी पुरतील. महिनाअखेरची मुदत आहे.

सर्वांना यथायोग्य. धाकटीला पापा.

तुझे,
बाबा

ता. क. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे, पत्र परस्पर मोठ्या बाईंना जायला हवं. मुलीला काय लिहायचं ते शिकवू नका, अशी ताकीद आहे, म्हणून काही सांगत नाही. ‘प्रेमळ’ हा शब्द कुठे बसला तर बघ.

ता. क. दुसरा. ‘प्रेमळ’ राहू दे. फॉर्मवर एक प्रश्न होता, मुलाला मारणे, कोंडणे, चारचौघांत लाजवणे, यांपैकी काही केलं आहे का? मारलं नाही, कोंडलं नाही, म्हणून मी बेधडक ‘नाही’ लिहिलं. तिसरं घरी येऊन नकलेवर वाचलं. तू सात वर्षांची होतीस. ओली चादर डोक्यावर देऊन मी तुला जिन्यात उभं करायचो, शेजारपाजारचे कामाला निघायच्या वेळी. धोब्याच्या घरात असली पोर, याची मला लाज वाटायची. आई तुला आत घ्यायला आली की तिच्यावरही ओरडायचो. वर्षभर चाललं ते. दुसऱ्या दिवशी कचेरीत फॉर्म परत मागितला, तर कारकून म्हणाला, “आत गेला तो गेला. मुलीच्या पत्रात काय ते येईलच.” तेव्हा जे झालं ते लिही. गोड लिहिलंस तरी मी काही तक्रार करणार नाही, इतका मी चांगला नाही. पण मी सांगितलं म्हणून लिहू नकोस.

ता. क. तिसरा. तुला मोठ्या बाईंना लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस. मला लिही. आईला तुझी दर महिन्याला पत्रं यायची, ती मी मोठ्याने वाचून दाखवायचो आणि मलाही आली आहेत असं समजायचो. रागावून लिहायचं असेल तर लांबलचक लिही, मी सगळं वाचीन. नोकरी गेली तर वाचायला वेळही भरपूर असेल. पण लवकर लिही, चिमे.