द्वारकाबाईचा आवा

जाफराबाद, सोमवार, ३ मार्च १९७५

चि. संपत यास अक्काचे अनेक आशीर्वाद व सलाम. वि. वि.

तू पाठवलेले कॅनडाचे सात विद्यार्थी सुखरूप आहेत. पोटं बिघडलेली नाहीत, डोकी बिघडली आहेत. तीन आठवडे त्यांनी मिशनच्या शाळेची कौलं फेरली, बाकं ठोकली, मुलांना भजनं शिकवली. मी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असेन तर फक्त त्यांच्या अर्ध्या चड्ड्यांबद्दल. पण आज दोन दिवसांनी बदनापूरहून परत येते तो काय! शाळेची मागची भिंत चुन्याने पांढरीशुभ्र, आणि सातही जण शाबासकीच्या आशेने ओळीत उभे.

त्या भिंतीवर द्वारकाबाई कुंभारणीच्या गोवऱ्या होत्या. थंडीभर थापलेल्या, माझ्या परवानगीने. या शहाण्यांनी त्या घाण समजून खरवडल्या, पायथ्याशी रचलेल्याही उचलल्या, सगळ्या खड्ड्यात टाकल्या आणि धूळ उडू नये म्हणून वरून पाणी ओतलं.

तिच्या अंगणात दोनशे कच्चे माठ भाजायचे पडले आहेत. आभाळ रोज भरून येतंय. एक अवकाळी सर आली की माठांचा पुन्हा चिखल. नवरा गेल्यापासून वर्षभराचं घर ती या उन्हाळ्याच्या आव्यावर, माठांच्या या एका भट्टीवर, चालवते. भांडली असती तर बरं होतं. फक्त म्हणाली की, बाई, पाव्हणे चांगले हायेत, भिंत बी मस्त झाली, पर मंग मी आता माठ काय उन्हात भाजू का?

त्यांची पुढारीण मार्जरी दुपारपर्यंत रडत होती. रडून गोवरी वाळत नाही, असं मी तिला सांगितलं. आता तू काय सांगतोस ते कळव. पत्र कंडक्टर साहेबरावांच्या हाती देते आहे.

तुझी,
अक्का

मस्तगड, जालना, ४ मार्च १९७५

ती. कांताअक्का हिस संपतचा सादर सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. पाकिटातूनच धग लागत होती. मुलांवर फार चिडू नकोस. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण तुझी छडी अजून निवृत्त झालेली दिसत नाही.

द्वारकाबाईसाठी मी गाडीभर लाकूड पाठवतो. मुलांना गुरुवारी अजिंठा दाखवायचा आहे, मोटार ठरली आहे. रविवारी निरोपाची उपासना, मग भिंतीपुढे फोटो. तो त्यांच्या तिकडच्या चर्चच्या मंडळीला पाठवायचा आहे. सोमवारी त्यांची गाडी. भिंत कोणी साफ करायला सांगितली, ही चौकशी मात्र आता नको. झालं ते झालं.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहेच, तो या आठवड्यात जरा जास्त असू दे.

तुझा,
संपत

जाफराबाद, शनिवार, ८ मार्च १९७५

चि. संपत यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं लाकूड परत पाठवलं आहे. लाकडाच्या जाळाने माठ तडकतो, त्याला गोवरीची संथ आच लागते. पाद्री झालास म्हणजे कुंभारकाम येतं असं नाही.

चौकशी नको म्हणालास, म्हणून केली. मार्जरीने तुझं पत्र काढून दाखवलं. फोटोसाठी मागची भिंत स्वच्छ दिसावी, ही तुझीच सूचना, तुझ्याच अक्षरात! पोरं बिचारी तुझं नाव घ्यायला तयार नव्हती.

अजिंठा त्यांनी आपणहून रद्द केला आणि बुधवारी टोपल्या घेऊन दारोदार निघाली. मी जाणार नव्हते. या गावात अडतीस वर्षं लोक माझ्या ओट्यावर आले, कधी दाखल्याला, कधी औषधाला. मी कुणाच्या दारात काही मागायला गेले नाही. पण मार्जरीला एवढंच येत होतं की, गोवऱ्या द्या माय, आणि पुढच्या प्रश्नांना ती नुसती हसत होती. शेवटी चपला घातल्या.

पहिलंच घर चतुराबाईचं. तिची जीभ तुला माहीत आहे. म्हणाली की, मिशनवाले आजवर देतच आले, मागायला आजच आल्ते. बसा, जल्दी काय हाय? आणि चहा पाजून साठ गोवऱ्या मोजल्या. मग काय, गल्लीगल्लीतून. ज्या घरांत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथे मला चटई टाकली. मी शिकवलेल्या पोरींच्या नाती पाहिल्या, संपत, आणि त्यांची नावं मला ठाऊक नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी आवा लागला. रात्री गार वारा सुटला, चार थेंब पडले, पण तोवर आवा राखेने झाकला होता. आज सकाळी उघडला. दोनशेपैकी अकरा तडकले. द्वारकाबाई म्हणते की, दर साली बराबर एवढेच जातेत. ती आत्ताच गाडी भरून बाजाराला गेली. मार्जरीला सोबत घेऊन गेली आहे, गिऱ्हाइकं गोळा करायला.

आता तुझं. गोवऱ्या देणाऱ्यांपैकी काही घरांनी उद्या दुपारी पाहुण्यांना जेवायला बोलावलं आहे. पाहुणे सात, घरं नऊ. एक घर मी घेतलं. उरलेलं चतुराबाईचं, तिथे तुझं ताट आहे. भिंत कुणाच्या सांगण्यावरून साफ झाली, हे ती गावभर विचारते आहे. मी काही बोललेले नाही. ते तिला तू जेवताना सांग.

पहिल्या एसटीने ये, आणि भुकेला ये.

चिडले असले तरी तुझीच,
अक्का